कर्जापेक्षा लपवाछपवी महाग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्याचे घराचे चार हप्ते थकले आहेत, ज्याच्या क्रेडिट कार्डाचे बिल वसुलीवाल्यांकडे गेले आहे, त्याने काही गुन्हा केलेला नसतो. तरीही सरकारी अर्जात ‘आपले कोणते देणे थकीत आहे काय?’ हा प्रश्न दिसला की त्याचा हात थबकतो. खरे लिहावे तर नोकरी जाईल, नाही लिहिले तर कदाचित कुणाला कळणारही नाही, असे मन सांगू लागते. अमेरिकेत संरक्षण किंवा गुप्तचर क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाला सामोरे जावे लागते. त्यात अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले आपल्याकडचे अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि डॉक्टरही असतात.

या प्रश्नाला खरे उत्तर दिल्याने फारच थोड्यांचे नुकसान होते. खोटे उत्तर दिल्याने मात्र पुष्कळांचे होते. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहायला हवे.

परवाना म्हणजे काय?

सरकारची गोपनीय कागदपत्रे पाहण्याची जी परवानगी मिळते तिला तिकडे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. आपण तिला सोयीसाठी परवाना म्हणू. त्याच्या मुख्य पायऱ्या तीन : कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. असा परवाना मिळण्यास पात्र ठरलेल्यांची संख्या गेल्या दशकात सुमारे ४० लाख होती. हे सगळे काही हेर किंवा सेनापती नव्हेत. त्यांत विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतला अभियंता आहे, लष्करी रुग्णालयातला कारकून आहे आणि सरकारी संगणकांची देखभाल करणारा तंत्रज्ञही आहे.

हा परवाना कुणालाही स्वतः जाऊन मागता येत नाही. सरकारी खाते किंवा सरकारचे कंत्राट घेतलेली कंपनी आपल्या माणसासाठी तो मागते. त्यानंतर उमेदवाराला ‘एसएफ-८६’ हा अर्ज भरावा लागतो. छापला तर शंभराहून अधिक पाने भरतील एवढा तो मोठा आहे. कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, कुणाशी लग्न केलेत, आई-वडील, भावंडे आणि सासू-सासरे कोणत्या देशाचे नागरिक आहेत, अमली पदार्थ घेतलेत का, कधी अटक झाली का, असे सगळे त्यात विचारलेले असते. एक संपूर्ण विभाग पैशाच्या व्यवहारांचा असतो. गेल्या ७ वर्षांत दिवाळे काढले का? कर भरायचा किंवा विवरणपत्र द्यायचे राहिले का? एखादे देणे १२० दिवसांपेक्षा जास्त थकले का? जुगारापायी कधी आर्थिक अडचणीत आलात का?

अर्ज भरल्यावर चौकशी सुरू होते. २०१९ सालापासून यातले बहुतेक काम संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील एक संस्था करते. पतअहवाल मागवले जातात, न्यायालयांच्या आणि पोलिसांच्या नोंदी पाहिल्या जातात. वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी शेजारी, जुने साहेब, प्रसंगी घटस्फोटित जोडीदार यांच्याशीही बोलतात. या साऱ्याचा निवाडा ज्या १३ कसोट्यांवर होतो त्यांची सध्याची आवृत्ती जून २०१७ पासून लागू आहे. निष्ठा, परदेशी प्रभाव, मद्यपान, अमली पदार्थ, गुन्हे, संगणकाचा गैरवापर अशा त्या कसोट्या आहेत. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांतल्या दोन कसोट्यांचा, ‘वैयक्तिक वर्तन’ आणि ‘आर्थिक बाबी’ यांचा.

पैसा आणि फितुरी

एखाद्याचे क्रेडिट कार्ड थकले तर देशाच्या सुरक्षेला त्याचे काय, असे कुणालाही वाटेल. याचे उत्तर दोन माणसांच्या कहाण्यांत सापडते.

जॉन वॉकर हा अमेरिकी नौदलातला अधिकारी. संकेतलिपीची यंत्रे आणि त्यांच्या किल्ल्या त्याच्या हाताखाली असत. त्याने साउथ कॅरोलायनात एक बार काढला आणि तो तोट्यात गेला. १९६७ साली हा गृहस्थ वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत स्वतःहून गेला आणि गुपिते विकायला बसला. पुढे त्याने आपला मुलगा, भाऊ आणि एक मित्र यांनाही या धंद्यात ओढले. १९८५ साली तो पकडला गेला. म्हणजे सुमारे १७ वर्षे अमेरिकी नौदलाचे सांकेतिक संदेश सोव्हिएत संघाला वाचता येत होते.

दुसरा ऑल्ड्रिच एम्स. तो सीआयए या गुप्तचर संस्थेत होता. घटस्फोटाच्या खर्चाने आणि नव्या संसाराच्या हौसेने तो कर्जात बुडाला. एप्रिल १९८५ मध्ये तोही सोव्हिएत वकिलातीची पायरी चढला. पहिला हप्ता ५०,००० डॉलरचा मिळाला. त्याने ज्यांची नावे पुरवली त्यांपैकी किमान दहा जणांना सोव्हिएत राजवटीने मृत्युदंड दिला असे मानले जाते. पुढच्या काही वर्षांत एम्सने ५,४०,००० डॉलरचे घर रोखीने घेतले आणि तो जॅग्वार मोटारीतून कचेरीत येऊ लागला. पगार वर्षाला ७०,००० डॉलरच्याही आत. विचारणा झाली की ‘बायकोचे माहेर कोलंबियातले, सधन आहे’ हे उत्तर तयार असे. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याला अटक झाली आणि जन्मठेप झाली.

या दोन्ही प्रकरणांत कुणी शत्रू गळ टाकून बसला नव्हता. अडचणीत आलेला माणूस स्वतःच त्याच्या दारात गेला. दुसरे असे की, कर्ज ही जशी धोक्याची खूण, तशीच पगाराशी न जुळणारी श्रीमंतीही. म्हणून १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशात परवानाधारकांच्या आर्थिक माहितीच्या तपासणीवर भर दिला गेला. आजच्या कसोटीतही थकलेल्या देण्यांच्या जोडीला ‘उत्पन्नाचा स्रोत सांगता न येणारी संपत्ती’ हा मुद्दा आहे.

कर्ज म्हणजे नापास नव्हे

एवढे ऐकून कर्जदार माणसाला धडकी भरेल. पण नियम नीट वाचले तर चित्र वेगळे दिसते. अमुक इतके कर्ज असले की परवाना नाही, असा आकडा त्यांत कुठेही नाही. पत-गुणांची किमान मर्यादाही नाही. दिवाळे काढलेल्या माणसालाही परवाना मिळू शकतो. निवाडा करणारा अधिकारी आधी एवढेच विचारतो, की ही अडचण आली कशी, आणि आल्यावर तुम्ही काय केलेत?

अडचण येण्याची काही कारणे माणसाच्या हातातली नसतात, हे नियमांनीच मान्य केले आहे. नोकरी जाणे, धंदा बसणे, अचानक आलेले आजारपण, घरातला मृत्यू, घटस्फोट, सावकारी पद्धतीच्या कर्जातली फसवणूक, आपल्या नावावर दुसऱ्याने उचललेले कर्ज, ही सगळी कारणे त्यांत नोंदलेली आहेत. २००८ च्या मंदीत अमेरिकेत लक्षावधी लोकांची घरे बँकांनी जप्त केली. त्यांत परवानाधारकही होते. त्यांची प्रकरणे सुनावणीला आली तेव्हा ‘घर का गेले’ याच्याइतकेच महत्त्व ‘बँकेशी बोललात का, पत्रव्यवहार केलात का, जमेल तेवढे भरलेत का’ या प्रश्नांना मिळाले.

समजा, दोन माणसे आहेत. दोघांवरही ३०,००० डॉलरचे थकीत देणे आहे. पहिल्याच्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले आणि विम्याने अर्धाच खर्च दिला. त्याने रुग्णालयाकडून हप्ते बांधून घेतले, दरमहा ठरलेली रक्कम भरली आणि पावत्या जपून ठेवल्या. दुसऱ्याने नव्या गाड्या, सहली, महागडी यंत्रे असे ऋण काढून सण साजरे केले. वसुलीची पत्रे तो न उघडताच टेबलाच्या खणात टाकत राहिला. आकडा तोच असला तरी पहिल्याच्या वागण्यातून जबाबदारी दिसते, तर दुसऱ्याच्या वागण्यातून नियमांची बेपर्वाई. अशा कसोट्यांत तपासायची असते ती ही वृत्ती. जो स्वतःच्या सहीचा मान राखत नाही तो सरकारच्या गोपनीयतेच्या करारावरील सहीचा मान राखील का, असा तो सरळ विचार आहे.

सगळे कर्ज फिटलेलेच असावे, असाही आग्रह नसतो. फेडीची पटण्याजोगी योजना असावी आणि ती अंमलात येत असल्याचा पुरावा असावा, एवढे पुरते. मात्र सुनावणीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने भरलेल्या दोन हप्त्यांना फारसे वजन मिळत नाही. करांच्या बाबतीत तर अधिकारी विशेष कडक असतात. विवरणपत्र वर्षानुवर्षे न भरणाऱ्याचे ‘कामात होतो, राहून गेले’ हे उत्तर तिथे चालत नाही.

खोटे का महागात पडते?

आता वैयक्तिक वर्तनाच्या कसोटीकडे वळू. अर्जात जाणूनबुजून माहिती दडवणे किंवा खोटी देणे हा तिच्यातला पहिलाच मुद्दा आहे. थकलेले देणे काळाच्या ओघात फिटते, पतअहवाल सुधारतो. पण ‘या माणसाने सरकारला सही करून खोटे सांगितले’ ही नोंद पुसणे अवघड. शिवाय सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा तिकडे गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ही सूचना अर्जावरच छापलेली असते.

गंमत अशी, की जे लपवायचे ते बहुतेक वेळा सरकारला आधीच दिसत असते. थकलेले देणे पतअहवालात असते, दिवाळे न्यायालयाच्या दप्तरात असते. म्हणजे लपवून माहिती झाकली जात नाहीच, लपवण्याची वृत्ती तेवढी उघडी पडते.

लपवलेल्या गोष्टीचा दुसराही धोका आहे. ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते आणि जी साहेबांना कळू नये असे वाटते, तीच दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर तो आपल्याला धाकात घेऊ शकतो. तीच गोष्ट आपण स्वतःहून लिहून दिली की धमकी देणाऱ्याच्या हातचे हत्यार जाते.

इथे नियम आंधळे नाहीत. नजरचुकीने एखादी नोंद राहिली, प्रश्नाचा अर्थ चुकीचा लागला, तर त्याला खोटेपणा म्हणत नाहीत. हेतू पाहिला जातो. आणि एखाद्याने भीतीपोटी काही दडवलेच असेल, पण पुरावा समोर ठेवला जाण्याआधी स्वतःहून, तत्परतेने चूक दुरुस्त केली, तर ती गोष्ट त्याच्या बाजूने धरली जाते. मात्र ‘एका मित्राने सांगितले की हे लिहायची गरज नाही’ ही सबब उपयोगी पडत नाही. सल्ला अधिकृत व्यक्तीने किंवा या विषयातल्या वकिलाने दिला असेल तरच त्याचा विचार होतो. कुणाच्या घरच्या समारंभात ऐकलेला सल्ला त्यात बसत नाही.

दोन देशांतला संसार

आपल्या माणसांचा प्रश्न इथे थोडा अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्यांचा संसार दोन देशांत पसरलेला असतो. आई-वडील सांगलीत, फ्लॅट पुण्यात, बँकेत एनआरई खाते, आणि आईच्या बचत खात्यावर सोयीसाठी दुसरे नाव मुलाचे. यात गैर काहीच नाही. पण अर्जात परदेशातील मालमत्ता आणि खाती यांबद्दल स्पष्ट विचारलेले असते. शिवाय अमेरिकी नागरिकाच्या परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिची माहिती दरवर्षी तिथल्या अर्थखात्याला द्यावी लागते. संयुक्त नावाचे खातेही यात येते. भारतातल्या व्याजावर आणि घरभाड्यावर तिकडे विवरणपत्र भरावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे राहून जाते आणि मग पैशाचा प्रश्न एकदम कराचा आणि सचोटीचा प्रश्न होऊन बसतो.

समजा, गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकली आणि भावाने हिश्शाची रक्कम अमेरिकेत पाठवली. खात्यात अचानक मोठी रक्कम आली. वरच्या दर्जाच्या परवानाधारकाला १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिकचा असा अनपेक्षित लाभ झाला तर तो कळवावा लागतो. ज्याच्याकडे सातबारा, खरेदीखत, बँकेची कागदपत्रे आहेत आणि ज्याने वेळेवर कळवले, त्याला काही अडचण नाही. एम्सच्या ‘सासरच्या पैशा’ला असा कागदाचा आधार नव्हता. सुट्टीत गावी यायचे तरी तो परदेश प्रवास असल्याने परवानाधारकाला तो आधी कळवावा लागतो.

पूर्वी एकदा परवाना मिळाला की सीक्रेटसाठी १० वर्षांनी आणि टॉप सीक्रेटसाठी ५ वर्षांनी फेरतपासणी होई. आता नोंदींवर संगणकाची सतत नजर असते. २०२१ पर्यंत अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सर्व परवानाधारकांना या पद्धतीखाली आणले. त्यामुळे ‘पुढच्या तपासणीपर्यंत फेडून टाकू’ हा हिशेब आता जमत नाही.

नकार आला तर

अडचण दिसली तर उमेदवाराला कारणांचे लेखी निवेदन मिळते. खासगी कंपन्यांतील उमेदवारांना त्यावर २० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, साक्षीदार आणि कागदपत्रे मांडता येतात, अपीलही करता येते. हे निर्णय नावे वगळून प्रसिद्ध केले जातात. ते वाचले तर सामान्य संसारांच्या किती तऱ्हा असतात ते कळते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८८ साली ‘नौदल विरुद्ध इगन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा परवाना हा कुणाचाही हक्क नाही. शंका असेल तर तिचा फायदा उमेदवाराला नव्हे, देशाच्या सुरक्षेला मिळतो. फौजदारी खटल्याच्या हे बरोबर उलट आहे. आणि परवाना गेला की बहुधा नोकरीही जाते. नोकरी गेली की कर्ज वाढते. अशा चक्रात सापडलेल्या माणसाचे हाल होतात, हेही खरे.

ही चाळणी निर्दोष आहे असेही नाही. क्यूबासाठी हेरगिरी करणारी ॲना मॉन्टेस ही अमेरिकी लष्करी गुप्तचर संस्थेतली विश्लेषक सप्टेंबर २००१ मध्ये पकडली गेली. तिने हे पैशासाठी नव्हे, आपल्या राजकीय मतांपायी केले होते. पतअहवालात ती कधीच सापडली नसती. आणि २०१५ साली तर असे उघड झाले की ज्या सरकारी संगणकांत हे अर्ज ठेवले होते तेच फोडले गेले आणि सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. लोकांनी विश्वासाने लिहून दिलेली कर्जे, आजारपणे, घटस्फोट यांचा त्यात समावेश होता. नागरिकाकडून सचोटीची अपेक्षा करणाऱ्या सरकारवर ती माहिती सांभाळण्याचीही जबाबदारी येते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे याच चालीचे नियम आहेत, पण ते फार कमी जणांनी वाचलेले असतात. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला १७ वा नियम सांगतो, की सरकारी नोकराने सतत कर्जबाजारी राहणे आणि दिवाळखोरी टाळावी, असा आपला खासगी व्यवहार ठेवावा. कर्जवसुलीचा दावा झाला तर तो सरकारला कळवावा. मालमत्तेची विवरणपत्रे तर अनेकांच्या परिचयाची आहेतच.

नोकरीच्या वेळी भरायच्या साक्षांकन नमुन्यात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ असे विचारतात. तिथेही तरुण मुले घाबरून ‘नाही’ लिहितात. जुलै २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याबाबत सविस्तर तत्त्वे सांगितली. माहिती खरीच दिली पाहिजे. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब दडवली गेली असेल तर मालक ती माफ करू शकतो. गंभीर बाब दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. आणि खरे सांगितले तरी नोकरी द्यायचीच, अशी सक्ती मालकावर नाही. म्हणजे खरेपणा ही हमी नव्हे. पण खरे सांगणाऱ्याचा निदान त्याच्या बाकीच्या आयुष्यासह विचार होतो.

ज्यांच्या मुलाबाळांना किंवा नातलगांना तिकडचा किंवा इकडचा असा अर्ज भरायचा असेल, त्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. अर्ज हातात घेण्याआधी स्वतःचा पतअहवाल मागवून वाचावा. त्यात चुकीची नोंद असेल तर लेखी हरकत घ्यावी. थकलेल्या देण्यासाठी सावकाराशी किंवा बँकेशी बोलून हप्ते ठरवावेत, लहान का होईनात, पण न चुकता भरावेत. पावत्या आणि पत्रे एका फाइलमध्ये ठेवावीत. कराची राहिलेली विवरणपत्रे सर्वांत आधी भरावीत. शंका आली तर मित्राला न विचारता कार्यालयातील सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा जाणकार वकिलाला विचारावे. आणि अर्जात विचारलेले असेल तर ते लिहावे, त्याखाली दोन ओळींत कारण आणि आपण केलेली उपाययोजनाही लिहावी. तो अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याने थकलेले हप्ते पुष्कळ पाहिलेले असतात. त्यामुळे त्याची नजर आधी त्या दोन ओळींवर जाते.